खड्ड्यातला उन्हाळा

नुसत्या टाळ्या वाजवून शेजाऱ्याच्या घरातली ऊब काढून घेता येते, हे मला म्हातारपणी माझ्याच गावानं शिकवलं. टाळ्या घेणारा माझ्याच पोटचा होता, म्हणून हे लिहायला बसले. शाळेत मी एक दिवसाआड गेले. मधल्या दिवशी हातात खुरपं असायचं आणि समोर बिटाचे वाफे. त्यामुळे मोठे शब्द मला येत नाहीत. माझ्या मुलाला येतात. त्या शब्दांनी त्याचं काय केलं तेच सांगते.

आमचं घर दर्यागल्लीतलं पहिलं. मागे कुरण, कुरणात खड्डा. बेटाच्या बंदराला धक्का बांधला तेव्हा माझ्या सासऱ्याच्या कुरणातून खडी नेली, त्याचा तो खड्डा. कित्येक वर्षं त्यात खाजकुयली आणि लोकांच्या मोडक्या सायकली होत्या. मग गावाच्या मनात आलं की आपण उन्हाळा साठवून ठेवू. हसू नका. आमच्याकडे उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नाव घेत नाही आणि हिवाळ्यात उगवायचं. तर शेतात काचेच्या तावदानांच्या रांगा उभ्या केल्या, त्यांच्याखाली मेंढ्या सोडल्या. तावदानांत पाणी तापतं, ते खड्ड्यात जातं. खड्ड्याला आतून जाड प्लास्टिकचं अस्तर, वर पाण्यावर तरंगणारं झाकण, आणि त्याखाली आमच्या चर्चपेक्षा मोठं असं गरम पाण्याचं तळं. जूनचं ऊन तिथं मुरत पडतं आणि नोव्हेंबरात नळ्यांनी घरोघरी येतं. डिसेंबरच्या सकाळी मी स्वयंपाकघरात अनवाणी उभी राहते, ती जुलैच्या उन्हात उभी असते.

खड्डा दिला माझ्या नवऱ्यानं, लाउरिट्सनं. बदल्यात काही मागितलं नाही. तेव्हाचा अध्यक्ष थोरकिल्ड, देव त्याला बरं ठेवो, भर सभेत उभा राहून म्हणाला, "या खड्ड्यात पाणी आहे तोवर दर्यागल्लीतलं एकही घर थंड राहणार नाही." अख्ख्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. लाउरिट्सचे कान लाल झाले. एवढ्यावर तो माणूस मरेपर्यंत खूश होता.

आता आमच्या सभेबद्दल सांगायला हवं. ऊब पुरवणारी संस्था आम्हा सगळ्यांची. एका घराला एक मत, मग ते घर डॉक्टरचं असो की कोळ्याचं. वसंतात वार्षिक सभा. मी कॉफी करते, केक करते, इतकी वर्षं दुसऱ्या कुणाला त्या चुलीला हात लावू दिलेला नाही. अध्यक्ष अहवाल वाचतो. लोक पाव चघळतात. अध्यक्ष कागद खाली ठेवतो, लोक टाळ्या वाजवतात आणि अहवाल मंजूर होतो. हात वर करून मतं मागितली तर अध्यक्षाच्या तोंडावर थुंकल्यासारखं होतं म्हणे. कोंबड्या पाळणाऱ्यांची संस्था असो, नौकांची असो की चर्चमधल्या गाणाऱ्यांची, इथं सगळं टाळ्यांवर चालतं. सगळ्यात शेवटी ऐनवेळचे विषय. त्यात कुणीही उठावं, काहीही बोलावं. ठरत मात्र काहीच नाही, नियमच तसा आहे. ज्याला ज्याला डोकेदुखी म्हणून ओळखतात त्याला तिथं बोलू देतात. मी तिथं बरीच बोललेली आहे.

त्या वर्षी अहवाल वाचत होता माझा मुलगा आस्गर. गोरापान, उंच, चष्मा नाकावर. मी मागच्या टेबलाशी कॉफी ओतत होते आणि मनात म्हणत होते, बापासारखा उभा राहतो. बोलतो मात्र बापासारखा नाही. "जाळ्याच्या कडेच्या भागाची फेररचना" असं काहीतरी तो म्हणाला. मग म्हणाला, "दर्यागल्लीतील सभासदांना स्वतंत्र उपायांकडे वळण्यास मार्गदर्शन केले जाईल." मला वाटलं, गल्लीतले दिवे बदलणार असतील. त्यानं कागद ठेवला, टाळ्या वाजल्या. माझ्या दोन्ही हातांत कॉफीची मोठी किटली होती, म्हणून मी टाळी वाजवली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं गावातल्या प्रत्येकानं मला विचारलं.

मग एका सकाळी दारात शिट्टी ऐकू आली. मुख्य भूमीवरून आलेला एक पोरगेला माणूस रस्त्यावर पिवळ्या रंगाची फुली मारत होता. बरोबर माझ्या पायरीसमोर.

"हे काय चाललंय?"

"खूण करतोय. इथं खाली गल्लीचा मुख्य नळ आहे. शरदात येऊन बंद करायचा."

"दुरुस्तीला?"

"नाही, कायमचा." त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही? गल्लीची जोडणी तुटणार. सभेत एकमतानं मंजूर झालंय."

"कुणाच्या एकमतानं?"

"तुमच्याच," तो म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, तो मला धीर देतोय.

मी लाकडी खडावा घातल्या आणि शेजारच्या विल्लुमकडे गेले. विल्लुमनं जन्मभर फेरीबोटीवर दोर ओढले. हात असे की टाळी वाजवली तर बंदरावरची बदकं उडावीत. त्याची बायको, निकोलीने तिचं नाव, रेडिएटरला टेकून उभी होती. तिच्या बोटांच्या सांध्यांना सूज असते. हिवाळ्यात सकाळी ती दहाही बोटं रेडिएटरवर ठेवते, तेव्हा कुठं ती उघडतात, आणि मग विल्लुमला कॉफी मिळते.

"विल्लुम, सभेत आस्गर काय वाचत होता?"

"अहवाल."

"अहवालात काय होतं?"

"असतं तेच. छान वाचतो तुझा मुलगा."

"आणि तू टाळ्या वाजवल्यास."

"वाजवल्या की! म्हणजे काय, वाजवायच्या नाहीत? गावाला काय वाटलं असतं?"

"अरे ठोंब्या, त्यात तुझ्या बायकोचा रेडिएटर थंड करायचं लिहिलं होतं. तू वाजवून वाजवून मंजूर केलंस."

विल्लुमनं स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्याचे होते. निकोलीनेनं हात रेडिएटरवर अजून घट्ट दाबले. मे महिना होता, रेडिएटर बंद होता, तरी दाबले. ते पाहिलं आणि माझ्या डोक्यात जी आग गेली ती आजही तशीच आहे.

तशीच वरच्या आळीत आस्गरकडे गेले. नवं घर, जमिनीखालून ऊब, खिडक्या एवढ्या की समुद्रालाही लाज वाटावी. सून लिस्बेट बटाटे सोलत होती.

"आस्गर, माझ्या दारात पिवळी फुली कुणी मारली?"

"आई, आधी बस."

"बसायला आले असते तर केक आणला असता."

तो चष्मा पुसायला लागला. लहानपणीही असंच, काही फोडलं की नाक पुसायचा. "तुमच्या गल्लीची नळी जुनी झाली आहे. ऊब वाटेतच जमिनीत जाते. हिवाळ्यात सगळीकडे बर्फ असतो आणि तुमच्या गल्लीपर्यंत गवताचा हिरवा पट्टा. आपण गवत गरम करतोय, आई. मांजरं झोपतात त्यावर."

"मग नळी बदल. मांजरांना मी सांगते."

"मूठभर घरांसाठी सगळ्या गावानं भार का उचलायचा? प्रत्येकानं दाराबाहेर एक यंत्र बसवावं, हवेतून ऊब ओढणारं. आम्ही माहिती देऊ."

"आमच्या गल्लीत दोन बायका समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरावं लागतं. तिथं तुझे ते गुरगुरणारे पेटारे कुठं ठेवू, डोक्यावर? आणि खारा वारा ते खाऊन टाकतो. पाद्र्याची सायकल बघ, नुसतं घंटीचं टोपण उरलंय."

"आई, हा हिशोब आहे. त्यात मी कुणाचा मुलगा आहे हे बघून चालत नाही."

"खड्डा कुणाच्या बापाचा होता, ते बघितलंत ना?"

"अहवालात होतं. सभेनं मंजूर केलंय."

"सभेनं टाळ्या वाजवल्या."

"टाळ्या म्हणजेच मंजुरी. तुला माहीत आहे."

लिस्बेट सोलता सोलता म्हणाली, "मी पण वाजवल्या, अबेलोने. मला वाटलं, संपलं एकदाचं."

निदान ती खरं बोलली. मी निघाले. दारात आस्गर म्हणाला, "मी तुझ्यासाठी काहीतरी करीन." मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तिथून प्रेबेनकडे. प्रेबेन निवृत्त मास्तर, बेटावरच्या प्रत्येक सभेचं कामकाज तोच चालवतो, नियम त्याला तोंडपाठ. बागेत खुर्चीवर बसून तो वाटाणे सोलत होता, तेही ओळीनं.

"थोरकिल्डनं शब्द दिला होता," मी म्हटलं. "भर सभेत. तू तिथं होतास. टाळ्याही वाजल्या होत्या. टाळ्या म्हणजे मंजुरी ना?"

"मला पक्कं आठवतं," प्रेबेन म्हणाला. "फार सुंदर क्षण होता. लाउरिट्सचे कान लाल झाले होते."

"मग?"

"पण अबेलोने, तो शब्द थोरकिल्डनं ऐनवेळच्या विषयांत दिला. ऐनवेळच्या विषयांत काही ठरत नाही."

प्रेबेन दुष्ट माणूस नाही. माझ्या मुलांना त्यानं वाचायला शिकवलं, मी आजारी होते तेव्हा सूप आणून दिलं. आणि हाच माणूस मला शांतपणे सांगत होता की खड्डा घेताना वाजल्या त्या टाळ्या खोट्या आणि ऊब काढताना वाजल्या त्या खऱ्या, कारण मधे कुणीतरी केक खाल्ला होता. माझ्या नवऱ्याचे कानसुद्धा ऐनवेळच्या विषयांतच लाल झाले म्हणायचे.

"काही उपाय?"

"एक चतुर्थांश घरांनी मागितलं तर खास सभा घ्यावी लागते. मंडळ निवेदन करेल, सभा ते स्वीकारेल किंवा नाकारेल." मग त्यानं हळूच जोडलं, "निवेदन आजवर कुणी नाकारलेलं नाही."

"तेही टाळ्यांनी?"

"तशी पद्धत आहे," प्रेबेन म्हणाला आणि माझ्या ओंजळीत वाटाणे घातले.

जून आला, आस्गर आला. हातात माझ्यासाठी स्ट्रॉबेरी. मंडळाची बैठक झाली होती म्हणे. तो फार आनंदात होता.

"आई, झालं काम. खड्ड्यापासून थेट तुझ्या घरापर्यंत बारीक नळी टाकणार. अंतर नाहीच म्हटलं तरी चालेल. कुरण तुझं, म्हणून कुणी आक्षेपही घेणार नाही. तुझ्या घराची ऊब कायम."

"आणि पुढची घरं?"

"ते आपण बोललोय."

"निकोलीनेची बोटं?"

"कोण?"

"निकोलीने! तुझ्या वाढदिवसाला तेरा वर्षांचा होईपर्यंत जिनं दरवेळी मोजे विणले ती! ती सकाळी बोटं कुठं ठेवेल? माझ्याकडे येईल? मी दार उघडून म्हणू, ये बाई, ठेव बोटं, आमच्याकडे ऊब आहे कारण आमचा मुलगा अध्यक्ष आहे?"

"मी हे तुझ्यासाठी केलं. मंडळापुढं मला किती अवघड गेलं..."

"अवघड गेलं? तुला? हिशोबात आई दिसत नाही म्हणालास ना? मग आता कुठून दिसली? तुला वाटलं, म्हातारीचे पाय गरम ठेवले की तिचं तोंड बंद होईल. अरे, गल्लीत एकट्या माझ्या खिडकीवर बर्फ वितळलेला दिसला तर मी बाहेर कशी पडू? त्यापेक्षा मी लाकडं फोडीन."

"तू लाकडं फोडणार? या वयात?"

"तुझ्या अहवालांनी पेटवीन. सुके आहेत."

तो स्ट्रॉबेरी ठेवून गेला. मी त्या विल्लुमकडे दिल्या. आमच्या घरात त्या दिवशी त्या गळ्याखाली उतरल्या नसत्या.

मग मी घरोघर फिरले. स्वयंपाकघरात बसले, लोकांची पातळ कॉफी प्यायले आणि तेच तेच बोलले. सभा बोलवायला लोक तयार झाले, नाही असं नाही. लाजच वाटत होती त्यांना. "अगं, आम्हाला काय माहीत त्यात ते होतं." "सगळे वाजवत होते." "आस्गर किती तयारीनं बोलतो, वाईट वाटलं असतं त्याला." एकजण म्हणाला, "तू ऐनवेळच्या विषयांत का नाही उठलीस?" त्याच्या कॉफीत मी साखरेऐवजी मीठ घातलं असतं, पण घर त्याचं होतं.

ऑगस्टमध्ये झाकणाचा दिवस असतो. पावसाचं पाणी झाकणाच्या खोलगटांत साचतं, त्याच्या वजनानं झाकण बसतं आणि ऊब निसटते. म्हणून सगळ्या गावानं रुंद झाडू घेऊन वर जायचं आणि पाणी पंपाकडे ढकलायचं. झाकणावर चालणं म्हणजे दुधाच्या सायीवर चालणं, प्रत्येक पावलाला सगळं हलतं. दर्यागल्लीतली माणसं जन्मभर होड्यांत उभी राहिलेली, ती सरळ चालतात. वरच्या आळीतली दरवर्षी दोन-तीन तरी धपकन आपटतात. निकोलीनेला झाडू धरवत नाही, ती काठावर बटाटे वाढते. विल्लुम मधोमध उभा राहून सगळ्यांना रांगेत ठेवतो. त्याच्याही घराची जोडणी तुटणार होती आणि तो सगळ्यांच्या उबेवरचं पाणी झाडत होता. हे पाहून मला गप्प राहवेना.

जेवायला सगळे काठावर बसले, तशी मी बाकावर चढले. "सभेत आस्गर वाचेल. वाचून झालं की हात मांडीवर ठेवायचे. एवढंच मागणं. बोलू नका, भांडू नका. फक्त वाजवू नका."

"नाही वाजवणार, अबेलोने," सगळे म्हणाले. मनापासून म्हणाले.

आणि त्याच वेळी आस्गर उठला आणि म्हणाला, "आज आलेल्या सगळ्यांचे मंडळातर्फे आभार." तडातड टाळ्या वाजल्या! तोंडात बटाटे, हातात टाळ्या. विल्लुमच्या तर सगळ्यात मोठ्या.

मी बाकावरून खाली उतरले. यांना शहाणपण सांगून उपयोग नाही हे मला कळून चुकलं. त्यांची डोकी माझ्या बाजूची होती, पण हात त्यांच्या ताब्यात नव्हते. संध्याकाळी मी निकोलीनेच्या स्वयंपाकघरात बसले.

"मी का नाही वाजवल्या, वसंतात?" मी विचारलं.

"तुझ्या हातात किटली होती."

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहायला लागलो. निकोलीने हसायला लागली. तिला हसताना खोकला येतो, विल्लुम पाणी घेऊन धावत आला आणि त्याला आम्ही काहीच सांगितलं नाही.

खास सभेच्या दिवशी सभागृहात टेबलं नव्हती. मी ती सकाळीच मागच्या अंगणात काढून धुतली होती, ओली होती, काय करणार. नुसत्या खुर्च्या, ओळीत. लोक आले, कुरकुरले, बसले. कॉफी दिसेना. आस्गर वाचायला उभा राहिला तरी कॉफी नाही. आमच्या गावात हे कधी घडलं नव्हतं. लोक स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते, अहवालाकडे कमी.

तो चांगलं वाचत होता. गवताचा हिरवा पट्टा, मांजरं, वाया जाणारी ऊब, सगळ्यांचं हित. शेवटचं पान उलटल्याचा आवाज मी दाराआडून ऐकला आणि निकोलीनेला खूण केली. आम्ही दोघी ट्रॉली घेऊन आत शिरलो. प्रत्येकाच्या एका हातात काठोकाठ भरलेला कप, चटका बसेल असा. दुसऱ्या हातात बशी, बशीत ब्रुन्सवीअर, म्हणजे लोणी आणि तपकिरी साखरेच्या पाकानं वरून चिकट झालेल्या केकचा भलामोठा तुकडा. ठेवायला टेबल नाही. मांडीवर ठेवावं तर कॉफी गरम. प्रेबेनलाही दिलं. मंडळालाही दिलं. लिस्बेटनं बशी घेताना माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि ओठ आत ओढून घेतले.

"...या निवेदनाला सभेची मान्यता मिळावी," आस्गर म्हणाला आणि कागद खाली ठेवला.

शांतता.

अशी शांतता मी त्या सभागृहात कधी ऐकलेली नाही. कपबश्या किणकिणत होत्या, एवढंच. विल्लुमचे हात उठले, मी पाहिलं, कोपरांपासून उठले. कप हिंदकळला, कॉफी त्याच्या विजारीवर सांडली. "आई गं," तो म्हणाला. सभेत उठलेला तेवढाच एक आवाज.

आस्गर उभाच. काय करावं त्याला कळेना. प्रेबेननं घसा साफ केला. त्याच्या अंगठ्याला पाक लागला होता.

"टाळ्या... तर... टाळ्या झालेल्या नाहीत," तो म्हणाला. "अशा वेळी नियमाप्रमाणे हात वर करून मतदान घ्यावं लागेल."

आता हात वर करायचा तर आधी कप कुठंतरी ठेवावा लागतो. लोक वाकले, खुर्चीखाली कप ठेवायला लागले, बोटं चाटायला लागले, रुमाल शोधायला लागले. आणि कप ठेवता ठेवता माणूस जरा विचार करतो. बाजूच्याकडे बघतो. बाजूला निकोलीने उभी होती, किटली घेऊन. तिची बोटं किटलीच्या कानाभोवती गुंडाळलेली होती आणि ती सुटत नव्हती. ते मी मुद्दाम केलेलं नव्हतं. ती खरंच सुटत नव्हती. विल्लुम उठला, भिजल्या विजारीनिशी तिच्याकडे गेला आणि एक एक बोट सोडवायला लागला. सगळं सभागृह बघत होतं.

मला बोलायचं होतं. खूप बोलायचं होतं. थोरकिल्डचा शब्द, लाउरिट्सचे कान, सगळं घशाशी आलं होतं. पण तो ऐनवेळचा विषय नव्हता, मतदान होतं. मी गप्प राहिले. आयुष्यात पहिल्यांदा.

"दर्यागल्लीची जोडणी तोडण्याच्या बाजूनं?" प्रेबेननं विचारलं.

काही हात वर झाले. वरच्या आळीतले, काही खालचेही, विश्वास ठेवा अथवा नका ठेवू. मी ते चेहरे लक्षात ठेवलेत.

"जोडणी ठेवून नळी बदलण्याच्या बाजूनं?"

पुढच्या ओळीत लिस्बेटचा हात सगळ्यात आधी वर गेला. आस्गर खाली वाकून तिच्या कानाशी म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू आलं, "लिस्बेट, आपल्या घराला एकच मत आहे."

"हो," ती म्हणाली. "आणि घर माझ्या नावावर आहे."

मग बाकीचे हात वर गेले. चिकट, तपकिरी, पाकानं चमकणारे हात. प्रेबेननं मोजायला घेतले आणि मधेच थांबला, गरज नव्हती. त्यानं निकाल सांगितला. आणि मग, काय सांगू तुम्हाला, ही माणसं टाळ्या वाजवायला लागली. चिकट हातांनी, पचक पचक. मी ओरडले, "बस करा रे! आता कशाला वाजवताय? काही मंजूर करून बसाल!"

नळी शरदातच बदलली. विल्लुमनं चर खणायला मदत केली, गावातल्या निम्म्या पुरुषांनी केली. आस्गरनंही, हे सांगायला हवं. पाठ दुखत होती तरी केली. अध्यक्षपद त्यानं सोडलं नाही आणि कुणी मागितलंही नाही. पुढच्या वसंतात तो परत अहवाल वाचेल. टेबलं असतील की नसतील, ते मी अजून ठरवलेलं नाही.

पहिला बर्फ पडला तेव्हा गल्लीपर्यंतचा हिरवा पट्टा दिसला नाही. नवी नळी जमिनीला काही देत नाही. मांजरं दोन दिवस तिथं येऊन, पांढऱ्या रस्त्यावर पंजा ठेवून, रागानं माझ्याकडे बघत होती. मग ती निकोलीनेच्या खिडकीत राहायला गेली. सकाळी आता रेडिएटरवर दहा बोटं आणि आठ पंजे असतात.

त्याच आठवड्यात आस्गर आला. दारात बूट काढले, मोज्यांनी स्वयंपाकघरात उभा राहिला. एक तळवा भिंतीवर ठेवला.

"गरम आहे ना?"

"जुलैचं ऊन आहे," मी म्हटलं.

तो तसाच उभा राहिला. चष्म्यावर वाफ आली होती, पुसली नाही त्यानं. तो कशाची वाट बघत होता ते मला कळत होतं. लहानपणी सायकल शिकला तेव्हाही असाच थांबला होता, मी काहीतरी म्हणावं म्हणून, निदान पाठीवर हात ठेवावा म्हणून.

माझ्या दोन्ही हातांत केकच्या बश्या होत्या. एक मी त्याला दिली.